तोफेच्या कानावरचा अंगठा

फोन ठेव खाली. बघितला मी फोटो. दुपारपासून सगळ्या घराला दाखवून झाला, वरच्या मजल्यावरच्या आजींनाही दाखवून आलास, आता पुरे. आमचे हिरो तोफेच्या तोंडात डोकं घालून दात काढतायत, आणि ही छोटी मागच्या बाजूला उभी राहून तोफेच्या भोकावर अंगठा दाबतेय. एवढा गड चढून गेलात, म्युझियम बघितलंत, आणि आणलंत काय, तर हे.

नाही रे, रागावलो नाही. छोटे, मला सांग, तिथं अंगठा ठेवायला तुला कोणी सांगितलं? सहज ठेवलास. बरं. आणि काढलास कधी? फोटो निघाल्यावर? म्हणजे तुझ्या भावाचं डोकं तेव्हा आतच होतं.

दार लोटून घे आणि बसा दोघंही. झोप तर कोणाला येत नाहीये, मग ऐकाच. आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बंद पडलेलं घड्याळ आलं की उघडायचं, कुठलं चाक अडलंय ते बघायचं, एवढंच मला कळतं. ही एक गोष्ट मला उघडता आली नाही, म्हणून ती अजून डोक्यातून जात नाही.

माझ्या दुकानाला लागून एक शिंप्याचं दुकान होतं. आता तिथं मोबाइलची कव्हरं विकतात. तिथं मास्तर बसायचे. आमच्या दोघांच्या मधे फळ्यांची भिंत. त्यांचं मशीन सुरू झालं की माझी भिंतीवरची घड्याळं थरथरायची. त्यावरून आमचं रोज वाजायचं आणि रोज चहाही एकत्र व्हायचा. मास्तरांचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली होता. त्याला सगळा बाजार धाकटा म्हणूनच ओळखायचा. आईवडील लवकर गेले, मास्तरांनीच त्याला लहानाचा मोठा केला. कडक होते, पण जीव होता त्याच्यावर. पोरगं शिवण शिकायला लागलं तेव्हा त्याला स्वतःची मापाची टेप दिली, पिवळी. टेपच्या टोकाची पत्र्याची पट्टी निघाली होती, म्हणून मास्तरांनी तिथं लाल दोऱ्यानं काठ घालून दिला होता. पुढं तो पुरुषभर उंच झाला, मिशा आल्या, तरी तीच टेप गळ्यात. आंघोळीपुरती काढत असेल, तेवढीच. ही टेप लक्षात ठेवा.

तर, चार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरातला दुसरा शनिवार. गडावरच्या म्युझियममध्ये नवं दालन उघडायचं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी. मधोमध ती मोठी तोफ, तुमच्या फोटोतलीच, आणि तिच्याभोवती गोलंदाजांचे पुतळे. फायबरचे, पुऱ्या माणसाच्या उंचीचे. त्यांचे कपडे शिवायचं काम मास्तरांना मिळालं होतं. स्वारी भलतीच खूश होती. मला म्हणाले, "घड्याळजी, जन्मात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक मिळालंय की जे माप देताना पोट आत ओढत नाही."

पण पुतळे उभे केले आणि कपडे अंगावर बसेनात. कुणाचा हात वर, कुणी वाकलेला, कुठं खांद्यात ओढतंय, कुठं पाठीत झोळ. दुपारी म्युझियमच्या बाईंचा फोन आला. मास्तरांनी हातमशीन पिशवीत घातलं, धाकट्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि जाता जाता मला म्हणाले, "दुकानाकडे लक्ष ठेवा, रात्री उशीर होईल." धाकट्यानं हात हलवला. टेप गळ्यात होती. मी बघितली.

वर बाईंनी त्यांना सगळं दालन फिरवून दाखवलं. एकेक पुतळा काय करतोय ते सांगितलं. हा ओला बोळा आत फिरवून ठिणग्या विझवतो. हा तोंडाशी उभा राहून लांब दांड्यानं दारूची पिशवी आत ठासतो. आणि हा मागचा, हा फक्त तोफेच्या कानावर अंगठा दाबून धरतो. कान म्हणजे ते मागचं बारीक भोक, जिथं बत्ती देतात.

मास्तरांनी विचारलं, "एवढंच काम? नुसता अंगठा?"

बाई म्हणाल्या, "सगळ्यात मोठं काम तेच. आत एखादी ठिणगी राहिलेली असते. पुढचा माणूस ठासत असताना कानातून वारा गेला की ती फुलते, आणि तोफ भरता भरताच उडते. म्हणून ठासणं संपेपर्यंत अंगठा हलवायचा नाही. लोखंड तापलेलं असतं, तरी हलवायचा नाही. अंगठ्याला चामड्याची टोपी घालायचे. तेवढी टोपी मला शिवून द्या."

"म्हणजे आमचं अंगुस्तानच की," मास्तर हसले. "आमचं सुईसाठी, त्यांचं विस्तवासाठी."

मग बाईंनी सांगितलं, की याच तोफेवर एकदा मागच्यानं अंगठा काढला होता. भाजलं असेल, किंवा घाबरला असेल. तोंडाशी ठासत होता त्याचं काही उरलं नाही.

"आणि ज्यानं अंगठा काढला त्याचं?"

"त्याला काही झालं नाही. तो मागे उभा असतो ना."

हे बाईंनी दिवसाढवळ्या, चहा पिता पिता सांगितलं. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तोफेच्या तोंडात पोरं कागद आणि बाटल्या कोंबायची, म्हणून तोंड सिमेंट भरून बंद केलेलं होतं. ते सिमेंटही त्यांनी बघितलं. पुतळ्याचा दांडा नुसता त्याला टेकवलेला होता.

संध्याकाळी बाई गेल्या, बाकीची माणसं गेली. पहारेकरी खाली गडाच्या दरवाजाशी. दालनात हे दोघं भाऊ. मास्तर मागच्या पुतळ्याशी, धाकटा पुढच्या. धाकटा तोंडात टाचण्या धरून त्या दांडेवाल्या पुतळ्याचा अंगरखा पाठीत आत घेत होता. सगळं झकास चाललं होतं. आणि तेवढ्यात त्यानं टाचण्या हातात घेतल्या आणि म्हणाला, "दादा, एक बोलायचं होतं. मला दुसऱ्या शहरात काम मिळालंय. मोठ्या कारखान्यात. सोमवारी हजर व्हायचंय."

मास्तरांनी दोरा ओढला. शिवत राहिले.

"दादा, ऐकलंस का?"

"ऐकलं."

"मग बोल की काहीतरी."

"काय बोलू? जायचं तर जा. तुझ्यावाचून माझं अडलंय असं समजू नकोस."

असं म्हणून त्यांनी पाठ फिरवली. मला नंतर म्हणाले, घड्याळजी, डोळ्यात पाणी आलं होतं, ते त्याला दिसू नये म्हणून फिरवली हो. ते खरंच असणार. त्या माणसानं आयुष्यात एकदाही प्रेमाचा शब्द तोंडातून काढला नाही. काढला असता तर... जाऊ दे.

मागे पावलं वाजली का? मास्तरांना आठवत नव्हतं. दार करकरल्यासारखं वाटलं, पण त्यांनी वळून बघितलं नाही. बसला असेल गाल फुगवून, असं वाटलं त्यांना. चामड्याची टोपी शिवून झाली. आता शिंप्याची एक सवय असते. शिवलेली वस्तू बसते की नाही हे आधी आपल्या अंगावर बघायचं. पुतळ्याचा अंगठा कडक, त्याच्यावर काय कळणार? मास्तरांनी टोपी स्वतःच्या अंगठ्यात घातली. छान बसली. मग कानावर नीट टेकते का, मधे शिवण तर येत नाही ना, हे बघायला अंगठा तोफेच्या कानावर ठेवला. दाबला.

आणि दिवे गेले.

त्यात भुताचं काही नाही. दालनातले दिवे रात्री आपोआप बंद व्हायचे, तशी व्यवस्थाच होती. बाहेर जायच्या दारावरची हिरवी पाटी तेवढी पेटलेली राहायची. त्या हिरव्या उजेडात पुतळ्यांचे नुसते आकार दिसत होते. मास्तर अंगठा उचलणार, एवढ्यात खालून धक्का बसला.

ठक्.

कानाला ऐकू आला नाही. अंगठ्याला कळला. तोफेच्या पोटातून.

मास्तर म्हणाले, "काय रे करतोस? पुतळा पडेल."

ठक्.

"अरे, ऐकू येतंय का?"

समोर तोंडाशी एक आकार वाकला आणि उभा राहिला. दोन होते की एक, त्या उजेडात कळेना. मग आवाज आला. धाकट्याचा. अगदी हळू.

"दादा, अंगठा काढू नकोस."

छोटे, जवळ सरक हवं तर. मास्तर मला म्हणाले, की सिमेंट त्यांना आठवत होतं. तोंड बंद आहे, आत काही जाऊच शकत नाही, हे डोक्याला पक्कं माहीत होतं. पण अंगठ्याखाली वारा ओढला जात होता. आत. जणू त्या भोकाच्या पलीकडे कोणी श्वास घ्यायला बघत होतं. आणि लोखंड कोमट झालं होतं.

"बाजूला हो," मास्तर म्हणाले. "तोंडासमोरून बाजूला हो आधी."

"नाही होता येत."

"का?"

ठक्.

ओरडले ते. पहारेकऱ्याला हाका मारल्या. दरवाजा कुठं, दालन कुठं. मधे सगळं पटांगण आणि वरून गडावरचा वारा. पहारेकऱ्यानं रात्री बाहेरून फेरी मारली होती, पण शिंपी आत काम करतायत हे त्याला ठाऊक, म्हणून तो आत आला नाही. फोन होता, पण खिडकीत ठेवलेला. मास्तरांनी डावा हात लांबवला, पाय लांबवला. पोचेना. आणि थोड्या वेळानं तो फोन वाजायला लागला. म्हणजे वाजत नव्हता, खिडकीच्या दगडावर घरघरत होता. उजेड पडला, पडदा चमकत राहिला. घरून वहिनींचा असेल, असं त्यांना वाटलं. वाजला. बंद झाला. पुन्हा वाजला. मास्तर त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

लोखंड तापत गेलं.

आधी चटका. मग... त्यांनी उजव्या अंगठ्यावर डाव्या हाताची मूठ दाबून धरली. पाणी नाही, बसायला काही नाही. लाज सोडून सांगतो, उभ्या उभ्या कपडे ओले झाले त्यांचे. तरी अंगठा हलवला नाही. तोंडातून एकच चाललं होतं, "मी आहे. मी धरलंय. तू घाबरू नकोस. मी धरलंय."

मधेच ठासणं थांबायचं. मास्तर म्हणायचे, "झालं का रे?"

मास्तर कान लावायचे.

"झालं का? काढू का?"

"...नको."

ठक्.

मला ते म्हणाले, घड्याळजी, मी त्याला सांगितलं. जे कधी बोललो नव्हतो ते सगळं. तू जाऊ नकोस. किंवा जा, पण सुट्टीला येत जा. तुझ्यावाचून माझं अडतं रे. सगळं अडतं. असं त्या अंधाराला सांगत होते ते. समोरून... रडल्यासारखं काहीतरी. किंवा वारा असेल.

रात्रभर. चंद्रसुद्धा उगवला तो पहाटे, नखाएवढा.

उजाडायला लागलं. दार उघडलं. पहारेकरी चहाचा थर्मास घेऊन आत आला आणि जागीच उभा राहिला. मास्तरांचा चेहरा त्यानं पुढं मला वर्णन करून सांगितला. ते तुम्हाला सांगत नाही.

"मास्तर, काय झालं? हात अडकला का?"

"त्याला बाजूला घे," मास्तर म्हणाले. "आधी माझ्या भावाला बाजूला घे."

पहारेकऱ्यानं बघितलं. तोंडाशी पुतळा. दांडा सिमेंटला टेकलेला. "इथं कोणी नाही, मास्तर."

"आहे."

"अहो, तुमचा भाऊ काल रात्रीच बाहेर पडला. माझ्यासमोरून गेला. तोंड पाडून चालला होता. म्हटलं, स्कूटर? तर म्हणाला, दादाला राहू दे."

"खोटं."

आणि खिडकीतला फोन पुन्हा घरघरला. पहारेकऱ्यानं उचलून बघितला. म्हणाला, "हे घ्या. तुमच्या भावाचाच आहे. रात्रभर तोच करत होता, बघा." आणि त्यानं आवाज मोठा करून फोन मास्तरांसमोर धरला.

"दादा?"

मास्तर फोनकडे वाकले.

"दादा, किती वेळ लावलास? फोन का उचलत नव्हतास? मी खाली वळणावरच बसलोय कठड्याला टेकून. तुला सोडून जाववेना. राग गेला का तुझा?"

"तू... तिथं आहेस? वळणावर?"

"हो रे. मग कुठं असणार? ये लवकर, थंडीनं जीव चाललाय."

मास्तर रडायला लागले. हसायला लागले. दोन्ही एकदम. म्हणाले, "आलो. आलो रे. तिथंच थांब." आणि...

...अंगठा उचलला.

तोफ उडाली नाही. आवाज नाही, धूर नाही, काही नाही. पहारेकरी शपथेवर सांगतो. खिडकीत एक चिमणी बसली होती, ती उडालीसुद्धा नाही.

फोनवर धाकटा म्हणाला, "दादा, हे काय..."

आणि गप्प.

"काय? काय झालं?"

फोन कट झाला नव्हता. पलीकडे वारा ऐकू येत होता. नुसता वारा. मास्तर हाका मारत राहिले. पहारेकऱ्याच्याही हातून फोन सुटला तेव्हा कुठं ते थांबले.

वळणावर तो तसाच बसलेला सापडला. कठड्याला टेकून, फोन मांडीवर, डोळे उघडे. अंगावर ओरखडा नाही. मला सकाळी निरोप आला, मीही गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. या वयात? तर म्हणाले, होतं कधी कधी. मी मास्तरांचा हात हातात घेऊन बघितला. रात्रभर विस्तवावर धरलेला अंगठा. त्याच्यावर फोड नाही, डाग नाही, साधा लालसरपणा नाही. गुळगुळीत. मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मला काही झालं नाही हो. मी मागे उभा होतो ना."

त्यांनी दुकान कायमचं बंद केलं. मी दर रविवारी जाऊन बसतो त्यांच्यापाशी. काय बोलणार? मी असं म्हणत नाही की तोफेनं मारलं. मास्तर म्हणतात, मी अंगठा काढला. मी म्हणतो, अहो, भाऊ फोनवर बोलत होता, कोणीही काढला असता. ते मान हलवतात. समजूत घालायला माझ्याकडे यापलीकडे शब्द नाहीत, आणि या शब्दांनी काही होत नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच लक्षात आली होती. धाकट्याच्या गळ्यात टेप नव्हती. खिशात नाही, वळणावर नाही, दालनात नाही, मशीनच्या पिशवीत नाही. वहिनींनी घरभर शोधली. त्याच्याबरोबर द्यायची होती त्यांना.

मागच्या वर्षी म्युझियमवाल्यांनी त्या तोफेच्या तोंडातलं सिमेंट फोडून काढलं. हिरो, म्हणून तर तुझं डोकं आत गेलं. त्या दिवशी मी वर होतो, दालनात मोठं घड्याळ बसवायला. माझ्या डोळ्यांसमोर कामगारानं छिन्नीनं सिमेंट फोडलं. भलतं जाड होतं, अर्धा दिवस गेला. बाईंना विचारलं, हे भरलं कधी? म्हणाल्या, मी इथं नोकरीला लागले त्याच्याही आधी. मग कामगारानं आकडा आत घालून कचरा ओढला. माती आली, जुने कागद आले. आणि अगदी तळातून, कानाच्या बाजूनं...

त्या टेबलाचा खालचा खण उघड. घड्याळाच्या पट्ट्यांच्या खाली बघ. कापडाची पुरचुंडी आहे ना? आण इकडं. मास्तरांना दाखवायला नेली होती मी. त्यांनी हातात घेतली नाही, नुसतं म्हणाले, तुमच्याकडेच राहू दे.

सोड गाठ. घाबरतोस काय, कापूस आणि रंग, बाकी काय असतं टेपमध्ये? हे बघ, या टोकाला काठ घातलाय. लाल दोरा. मास्तरांचा टाका मी झोपेतही ओळखेन. आणि हे दुसरं टोक जळलंय.

काजळी जाईपर्यंत तीनदा धुतलीय मी ती. साबणानं, घासून. वाळवून ठेवलीय. गुंडाळ आता, आणि दे इकडं.

...बोटं बघ तुझी. दिव्याजवळ धर.